खऱ्या संकटासाठी राखीव

१२ नोव्हेंबर
बॅटरी आली. चांगली सुटकेसएवढी आहे. लिफ्ट बंद, म्हणून आठव्या मजल्यावर मीच चढवली. वाटेत बसत बसत आलो, पण ते दमलो म्हणून नव्हे. युद्धामुळे रोज वीज जाणाऱ्या या पोल्तावा शहरात ज्यांच्याकडे बॅटरी नाही त्यांची आता कीव येते. आजपासून या घरात अंधार नाही.

१३ नोव्हेंबर
दिवसभर वीज नव्हती. अंधारात बसलो. मेलानियाने विचारलं, बॅटरी काय ओवाळायला आणलीस? बायकोला समजावलं, हे साधं लोडशेडिंग आहे. बॅटरी खऱ्या संकटासाठी. त्यावर म्हणाली, तुझ्या गोदामातही कधी काही संपलं नाही, कारण तू कुणाला काही दिलंच नाहीस. रेल्वेचं गोदाम मी तीस वर्षं सांभाळलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

१९ नोव्हेंबर
जागेचा प्रश्न सुटला. आमचा सगळा साठा बाल्कनीत असतो: बटाटे, काकडीचं लोणचं, आंबवलेल्या कोबीच्या बरण्या. बॅटरीही आता तिथेच, माझ्या आईने भरतकाम केलेल्या रुमालाखाली. थंडीत वस्तू टिकते. मेलानिया म्हणाली, खारवूनच ठेव एकदाची.

२४ नोव्हेंबर
राउटरवरून मेलानियाशी वाजलं. आमचा मुलगा यारेमा आघाडीवर आहे. पोराला सवड मिळेल तेव्हा तो फोन करतो. वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचे टॉवरही बंद पडतात. केबलचं इंटरनेट तेवढं येत राहतं, पण राउटरला वीज लागते. मेलानियाचा हट्ट, राउटर बॅटरीला लाव. मी म्हटलं, त्याने वीज असताना फोन करावा. म्हणाली, मग तुझं लोडशेडिंगचं वेळापत्रक त्याच्या खंदकात चिकटवून ये.
तसा मलाही त्याचा आवाज ऐकायचा आहे. इथे लिहायला हरकत नाही.

२ डिसेंबर
खालच्या मजल्यावरची ओदार्का मोबाइल चार्ज करायला आली. तिला नियम सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला, मेलानियाच्या हाती बोर्शचं पातेलं दिलं आणि म्हणाली, हे फक्त तुझ्यासाठी. सूपचा वास बरा होता.

७ डिसेंबर
निर्णय घेतला. उद्या यारेमाचा वाढदिवस, आईला तो फोन करणारच. उद्यापासून राउटर बॅटरीवर, कायमचा. मेलानियाला सांगितलं तेव्हा तिने माझ्या गालाला हात लावला. किती वर्षांनी, आठवत नाही. मी उगाच इतके दिवस ताणलं.

८ डिसेंबर
सकाळीच वीज गेली. बॅटरी आत आणली, बटण दाबलं. पडद्यावर नुसतं बर्फाचं चिन्ह. बाल्कनीत ती पार गारठली होती. लोणच्याला काही झालेलं नाही.
मेलानियाने तिला रजईत गुंडाळली आणि तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसली. अंधार पडताना बॅटरी सुरू झाली. राउटर लावला, आणि लगेच यारेमाचा निरोप वाजला. दुपारी पाठवलेला. आई, सारखा लावतोय, लागत नाहीये. आता पुढे निघालोय, तिथे फोन नसेल. बाबांना सांग, बॅटरी घेतलीत ते फार बरं केलंत, आता मला तुमची काळजी नाही.
उलटा फोन लावला. लागत नाही. मेलानिया मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ डिसेंबर
राउटर रात्रंदिवस चालू. मी स्वतः खाली जाऊन ओदार्काला बोलावून आणलं. जिन्यावरच्या सगळ्या घरांचे मोबाइल आता आमच्याकडे चार्ज होतात. यारेमाचा अजून फोन नाही; तिकडचा टॉवर पडला असणार. थंडीत यंत्रं अडून बसतात, एवढं मला आता कळतं.

२१ डिसेंबर
दुपारी लष्कराची दोन माणसं जिना चढून वर आली. मी म्हटलं, या, मोबाइल चार्ज करायचे असतील तर लावा, संकोच करू नका. त्यांनी टोप्या काढल्या.
ती गेल्यावर मेलानियाने राउटरची वायर हळूच काढली. म्हणाली, आता ठेव जपून.