वहिनीने धुतलेल्या काचा

मी, कामिनी अमृत पाटील, वय अडुसष्ट, राहणार म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, पदार्थविज्ञानातील निवृत्त संशोधक, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. फुप्फुसं थकली असली तरी डोकं ठणठणीत आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे मागे भांडायला माणसं थोडी. तरी तजवीज केलेली बरी.

कलम १. वाटणीत शेत माझे भाऊ कै. भरत यांना गेलं आणि घर माझ्या नावावर आलं. शेत आता त्यांचा मुलगा धीरज याचं आहे. मी गेल्यावर घर विकून आईला सुरतच्या फ्लॅटवर न्यायचं त्याच्या मनात आहे. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे. त्याची आई, म्हणजे माझी वहिनी अनुसयाबाई, हे ऐकून एवढंच म्हणाली, "ताई, सुरतमा मन्हं कोण शे?" म्हणून हे घर, परसातल्या लिंबासकट, मी एकट्या अनुसयाबाईला पूर्ण मालकीने देते. तिला घर रिकामं करायला कोणीही सांगू नये. धीरज, आत्याचं एवढं ऐक.

कलम २. बँकेतली ठेव वहिनीच्या औषधपाण्याला. सूक्ष्मदर्शक गावच्या शाळेला द्यावा. कपाटात कुलूपबंद ठेवला तर परत आणावा. प्रयोगशाळेतला माझा बारीक चिमटाही वहिनीलाच. नाहीतरी ती त्याने बाभळीचे काटे काढतेच.

कलम ३. मी नोकरी केली त्या संशोधन संस्थेने माझी शोकसभा घेऊ नये. शोधनिबंधावर ज्यांनी माझं नाव शेवटी टाकलं, त्यांनी माझ्या फोटोला पहिला हार घालू नये.

कलम ४. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. तो आम्ही चिकटपट्टीने सोलून सिलिकॉनच्या चकचकीत तुकड्यांवर बसवायचो. वहिनी त्यांना काचा म्हणते. मोठ्या खटपटीने साधलेले असे तुकडे सुरतला मोजणीसाठी नेताना मी दिवाळीत घरी थांबले. दुपारी डोळा लागला. उठून पाहते तो माझे तुकडे तांब्याच्या भांड्यांशेजारी उन्हात वाळत होते, चिंचेने घासून लख्ख. वहिनी हौसेने म्हणाली, "ताई, त्या काचास्वर कितला मळ व्हता! मी धोई टाक्यात." तो मळ म्हणजेच माझं संशोधन होतं. पुन्हा तुकडे तयार होईपर्यंत दुसऱ्यांनी तेच काम छापलं. फराळ न करता मी निघाले होते. हा राग मी सोडलेला नाही, आणि या मृत्युपत्राने कोणाच्या नावावरही करत नाही.

कलम ५. त्या दिवसापासून माझी कुठलीही वस्तू धुण्याआधी वहिनी विचारते, "ताई, हाई धोऊ का?" रुमालसुद्धा. या आजारपणात तीच मला आंघोळ घालते, आणि तांब्या हातात घेऊन तेव्हाही विचारते. मला हसू येतं आणि मग रडूही येतं. माझं तिच्यावर फार प्रेम आहे; तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून इथे नोंदवते.

माझी शेवटची आंघोळ वहिनीच्याच हातून व्हावी. तेव्हाही ती विचारेल, आणि मी बोलणार नाही. तिच्या तांब्यातलं पाणी अडून राहू नये, म्हणून उत्तर आजच सहीनिशी देऊन ठेवते:

धोई टाक, वहिनी.

सही: कामिनी अमृत पाटील
साक्षीदार: १. बशीर शेख, शेजारी २. धनुबाई पावरा, परिचारिका
म्हसावद, १२ जानेवारी २०२५