महालक्ष्मीपुढं जपानी बाहुल्या

सोलापूर

प्रिय इंद्रजीत,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं छान आहे. फोनच करणार होते, पण बोलता बोलता रडू फुटलं असतं आणि तू ते वर्षभर गावाला सांगत फिरला असतास.

अरे, माझी चोरी पकडली गेली! लग्नात आईनं काय बजावलं होतं आठवतंय ना? ती जपानी कार्टूनची खेळणी सासरी दाखवू नकोस म्हणे, बँकेत नोकरी करणारी बाई बाहुल्या जमवते म्हटल्यावर लोक हसतील. म्हणून बाकीच्या अकलूजलाच ठेवल्या आणि जीव अडकलेली पाच-सहा खोकी तेवढी आणली, तीही कपाटात रुखवताच्या भांड्यांमागं दडवून. तुझ्या दाजींनासुद्धा पत्ता नव्हता. कुणी त्या कपाटाकडं वळलं की मीच आधी धावत जाऊन हवं ते काढून द्यायचे.

यंदा महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी बँकेतून येते, तर आरास मांडून तयार. आणि लाडू-करंज्यांच्या ताटांमधे कोण उभी? माझी निळ्या केसांची तलवारवाली! शेजारी लाल रोबो, आणि गेममधलं ते टोपीवालं मांजर. सासूबाईंनी भांडी काढायला कपाट उघडलं होतं. त्यांना वाटलं, सुनेनं माहेरून आराशीची खेळणी आणली आणि लाजून बोलली नाही. सगळ्या खोक्यांची सीलं कात्रीनं टराटरा कापलेली! सील तुटलं की जमवणाऱ्यांच्या लेखी वस्तूची किंमत गेली, म्हणून इतक्या वर्षांत मी स्वतः त्यांना हात लावला नव्हता रे. ओरडणारच होते.

पण सासूबाई हळदीकुंकू घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, बरं झालं आलीस, हिचं नाव काय? नाव ठाऊक नसताना कुंकू कसं लावू? मग काय, मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून एकेकाचं नाव सांगत बसले. कोण कुणाशी लढतं, कोण कुणाची बहीण. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या, तर सासूबाईच नागम्माकाकूंना सांगतायत, ही लई शूर हाय, हिनं अख्खं गाव वाचिवलं! गाव कुठलं, तिनं ग्रह वाचवलाय, पण असू दे. दाजी तिकडं तोंडावर रुमाल धरून हसत होते. रात्री म्हणाले, वेडी आहेस का, एवढं लपवायचं? इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आरास उतरवताना तलवारवालीला पहिल्यांदा हातात घेतलं. कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलंय.

आता मुद्द्याचं. मागं मीच तुला म्हणाले होते, घरची सगळी खोकी अशीच खेळणी जमवणाऱ्या त्या पुण्याच्या मुलाला देऊन टाक, आता हा नाद बास. देऊ नकोस! हवं तर बहीण फिरली म्हणून सांग, शिव्या मी खाईन. हे पत्र घेऊन दाजी आलेत, त्यांच्याच गाडीत सगळी खोकी भर, एक मागं ठेवू नकोस. आज सकाळी चहा पिता पिता सासूबाईंनी विचारलं, बाकीच्या कुटं हायत गं? मी म्हटलं, माहेरी. तर म्हणतात कशा, तू हितं नांदायला आलीस की, मग त्या तितं कशापायी?

तुझीच,
पिंकीताई