बी टॉवर, सातवा मजला

१२ जुलै, शनिवार

पाणी! ग्रेटर नोएडाच्या त्या टोकाला एवढं पाणी असेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. अविनाश ऑक्टोबरअखेर रिटायर होणार, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून आज फ्लॅट बघायला गेलो. सॅम्पल फ्लॅटचं किचन कसं होतं? काही म्हणजे काही आठवत नाही. बाल्कनीत गेले ती तिथेच राहिले. खाली दूरवर पाणथळ, उंच गवत, आणि त्यात माणसाएवढे दोन पक्षी. लालभडक माना. सारस! एकाने मान वर करून हाक दिली, दुसऱ्याने लगेच तिच्यात हाक मिसळली. अंगावर सर्रकन काटा आला.

एजंट प्रतीक म्हणाला, "मॅडम, वो तो दलदल है।" दलदल काय! मी फोटो काढून त्याला दाखवला, कौतुक सांगून सांगून त्याचे कान किटवले. "अच्छा? फॉरवर्ड कर दीजिए।" केला लगेच.

अविनाश गाडीत — "सरला, आपण फ्लॅट बघायला आलो होतो ना?"

१३ जुलै

बुकिंग केलं. बी टॉवर, सातवा मजला. टॉवर अजून उभा राहायचाय, पण बाल्कनी तसलीच मिळणार!

२९ जुलै

धो धो पाऊस. दिल्ली तुंबली, अविनाशची बस अंडरपासपाशी अडकली. मला काळजी घरट्याची. मागच्या रविवारी पाहिलं होतं — सारसांनी पाण्यातच गवताचा ढीग रचून वर अंडी घातलीत. ऊन पडल्यावर क्षिप्राला घेऊन गेले. ही अविनाशची पुतणी, मुनिरक्यात खोली घेऊन यूपीएससी करते.

बघते तर रस्ते कोरडे! इकडचं तिकडचं सगळं पाणी त्या पाणथळीने निमूट पोटात घेतलेलं. आणि घरटं? तिथेच! दोघं चोचीने गवत ओढून ओढून ते उंच करत होते. पाणी चढतंय तसं घर चढतंय! आम्ही दोघी तोंडात बोट घालून बघत राहिलो. क्षिप्रा हळूच म्हणाली, "काकू, पाणथळ पूर झेलते, भूजल भरते — मला सगळं पाठ आहे यार. दिसलं आज."

पाण्यात काठ्यांवर लाल झेंड्या लावल्यात, घरट्याच्या आजूबाजूलाही. पक्षीवाल्यांनी खूण केली असणार. कुणीतरी काळजी घेतंय म्हणून बरं वाटलं.

१७ ऑगस्ट

पिल्लू!! बदामी रंगाचं, स्वतःच्याच पायांत अडखळणारं. एवढे उंच आईबाप, आणि एवढासा किडा भरवायला केवढे वाकतात! डबा तसाच परत आणला. भूक कुठे लागते असल्या वेळी.

२ सप्टेंबर

प्रतीकला सहज विचारलं, झेंड्या कुणाच्या? "आपकी ही हैं मॅडम! बी टॉवर की मार्किंग। दिवाली के बाद मिट्टी डलेगी।"

पिल्लू त्यातल्याच एका झेंडीला चोच मारत होतं. म्हणजे माझं किचन, माझा देव्हारा, माझी बाल्कनी — सगळं त्यांच्या घरट्यावर. मेट्रोत ढसाढसा रडले. लोक बघत होते. बघू देत.

५ सप्टेंबर

अविनाशला परवाच सगळं सांगितलं होतं. आज चहा पिता पिता म्हणाला, "रद्द करून टाकू. भाड्याने राहू कुठेतरी. मला नाही झोप लागायची तिथे." एवढ्या वर्षांत या माणसाला मी काडीचं ओळखलं नाही! दुपारी जाऊन रद्द करून आलो. वाचलं पिल्लू. वाचलं!

९ सप्टेंबर

प्रतीकचा फोन. आभार मानायला! आमचा फ्लॅट त्याच संध्याकाळी गेला, बी टॉवर जवळजवळ भरलाय. त्याने जाहिरात पाठवली. तीत मी काढलेला फोटो. खाली लिहिलंय — सारस के पड़ोस में, आपका घर.