रुखमाचा टाक

२ डिसेंबर १९५६

आज धोतराची गाठ पोटावर बसेना. जलोदर! सिंदेवाहीच्या डॉक्टरनं नाव तरी भारदस्त दिलं. चांद्याच्या इस्पितळात सुईनं पाणी काढावं लागेल, उशीर केला तर काढूनही उपयोग नाही — असं म्हणाला. पण नेणार कोण? माझ्या बायकोनं, सोनीनं, रेल्वे लांबूनच पाहिलेली. माझा मुलगा गुणवंत चांद्यालाच कचेरीत आहे. त्याला कार्ड टाकलं.

गावच्या मंडईच्या जत्रेत नाटक बसवणारे येऊन गेले. यंदा नवं लिहिणं जमणार नाही म्हटलं, तर बरं म्हणून उठले. चाळीस वर्षं यांच्यासाठी नाटकं लिहिली!

५ डिसेंबर

उत्तर नाही.

सोनी रोज सकाळी आधी टाकाला कुंकू लावते, मग स्वतःला. माझी पहिली बायको, रुखमा, जाऊन आठ वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी सोनीशी पाट लावला. मी साठीचा, ती तिशीतली विधवा. ना वाजंत्री, ना पंगत. रुखमाची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक तेवढा तिच्या गळ्यात घातला. दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं, ही आपल्याकडची रीत. गुणवंत आणि त्याची बहीण कमळा तेव्हा आली नव्हती. नवं लुगडं आणलं तरी सोनी आधी टाकाला लावते. "आधी बाईले, मंग मले."

११ डिसेंबर

आली! दोन्ही लेकरं आली!

कमळा दारातूनच म्हणाली, "बाबा, आमची आई तिच्या गळ्यात काऊन? ते आमाले काढून द्या." मग माझं पोट पाहिलं, तोंडाला पदर लावला. रडली. माझ्यासाठीच ना?

गुणवंतला चांद्याचं विचारलं. "आधी हे होऊ द्या. मंग पाहू."

मंग पाहू म्हणजे नेणारच. नाहीतर रजा काढून कशाला येईल?

१२ डिसेंबर

सोनीनं दोघांना रांधून वाढलं. लेकरांशी बोलली नाही. मला म्हणाली, "हे काढलं त मी कोन या घरात? रांधनारी बाई."

दोन्हीकडून माझी ओढाताण चालली आहे. खोटं कशाला लिहू — बरं वाटतं! या वयात कुणाला तरी मी हवा आहे.

१३ डिसेंबर

सोनीकडे टाक मागितला.

माझ्या नाटकातल्या नवऱ्यानं लेकरांना घराबाहेर काढलं असतं. मला जगायचं आहे.

सोनी म्हणाली, "तुमी म्हनता?" मी हो म्हटलं. तिनं दोरा गळ्यातून काढला, टाक धुतला, कुंकू लावलं, कमळाच्या ओंजळीत ठेवला. स्वतःच्या कपाळाला लावलं नाही. मला पेज पाजली, भांडं घासून पालथं घातलं आणि गाठोडं घेऊन राजोलीला भावाकडे निघाली.

मी थांब म्हटलं नाही. लाज वाटते.

१४ डिसेंबर

लेकरं सकाळच्या गाडीनं गेली. इस्पितळात खाटेचं पाहून माणूस पाठवतो, म्हणाला गुणवंत. शेजारची शकुबाई पेज देते.

१८ डिसेंबर

माणूस आला नाही.

२२ डिसेंबर

उठताही येत नाही. पायाला बोट लावलं की खड्डा पडतो, भरून येत नाही. शकुबाईला म्हटलं, सोनीला निरोप धाड. ती म्हणाली, "कोन्त्या तोंडानं धाडू, भाऊ?"

२६ डिसेंबर

गुणवंतचं कार्ड आलं. "आई सुखरूप पोचली. देवघरात बसवली. आता आम्हा दोघांच्या जिवाला घोर नाही."

एवढंच. अर्धं कार्ड कोरं आहे.