न मोजलेले चेंडू

९ जुलै, मंगळवार

पुन्हा तेच! शंभरदा सांगितलं, मला मत विचारू नका. मी बेसबॉलच्या क्लबात कुंपणामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा माणूस. मैदानात उतरण्याआधी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे लोक, हात गरम करतात, ते माझ्याकडे. फेका, झेलतो, परत देतो. मत द्यायचा पगार मला कोणी देत नाही. पण होल्कोम्ब ऐकेल तर शपथ! पिचरांचा मास्तर तो, तीस वर्षं याच धंद्यात, आणि विचारतोय कोणाला, तर चौथीतून पळालेल्या मला! म्हणे, "एलादिओ, रादामेसचे चेंडू रोज तू झेलतोस. त्याला सुरुवातीला उतरवू, की बदली म्हणून शेवटी आणू? एकोणीस तारखेला वरच्या ऑफिसातली बाई येतेय, तिला सांगायचंय."

मी म्हटलं, "पोरगा चांगला आहे."

"ते मलाही दिसतंय, गाढवा."

१० जुलै

रादामेस तिकडे डोमिनिकनमधल्या आमच्या कोन्सुएलो गावचाच. एकोणीस वर्षांचा, माझ्याहून पाचनं लहान. टायरच्या दुकानावर एकाच खोलीत राहतो आम्ही. त्याची आई डोन्या मीरेया शाळेच्या फाटकापाशी यानिकेके, म्हणजे मैद्याच्या कुरकुरीत पुऱ्या, तळून विकते. मी निघालो तेव्हा माझी कॉलर धरून म्हणाली होती, "त्याच्या हाताकडे बघ. बाकी तो कसाही परत येऊ दे."

होल्कोम्बचं गणित असं – सुरुवातीचा पिचर पाच दिवसांतून एकदा उतरतो, पण एका दमात ऐंशी-नव्वद चेंडू टाकतो. बदलीवाला शेवटी एकच डाव टाकतो. पंधरा चेंडू. "नव्वद जास्त की पंधरा? बदली ठेवला तर हात वाचेल त्याचा."

ऐकायला बरोबर वाटतं. सगळ्यांनाच बरोबर वाटतं.

११ जुलै

आज पंधरा नव्हते.

१२ जुलै, शुक्रवार

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

पाचव्या डावात कुंपणामागचा फोन वाजला. होल्कोम्ब. "रादामेसला उठव." उठवला. तीस टाकले. फोन. "बसव." सातव्यात पुन्हा – "उठव!" अठ्ठावीस. "बसव." आठव्यात पुन्हा सव्वीस, आणि हे हळू नाहीत हां, पूर्ण जोरात. माझा तळवा पावासारखा फुगलाय. शेवटी दुसऱ्यालाच उतरवलं. रादामेस टॉवेल घेऊन बसून राहिला.

दर दहाला मी मातीत बुटानं रेघ ओढत होतो. चौऱ्याऐंशी.

आणि बाकावर जो मोजायचं यंत्र घेऊन बसतो, तो फक्त मैदानातले मोजतो. कुंपणामागचे कोणीच मोजत नाही. आजच्या कागदावर रादामेसच्या नावापुढे काय? शून्य! म्हणजे त्याला आराम मिळाला, म्हणून उद्या पुन्हा तयार!

१४ जुलै, रविवार

चार दिवसांचे माझे – एकसष्ट, चौऱ्याऐंशी, सत्तर, छप्पन्न. कागदावरचे – सतरा.

सकाळी दात डाव्या हातानं घासत होता. मी म्हटलं, उजवा काय झालाय? "त्याच्यावर झोपलो होतो." भाताचा चमचाही डाव्यातच.

मला भीती वाटते. दोन्हीकडून वाटते. गप्प बसलो तर तो हात जाणार. बोललो तर काय बोललो मी? फोन कोण करतं? होल्कोम्बच! त्याच्या तोंडावर सांगायचं, मास्तर, तुमचा फोन खातोय पोराला? माझा इथला, अमेरिकेतला कामाचा परवाना क्लबच्या हातात. झेलणारे माझ्यासारखे पन्नास मिळतात. उद्या म्हणाले घरी जा, की गेलो. तिथे ऊसतोडीलासुद्धा आता माणसं जास्त झालीत.

१५ जुलै, सोमवार

सुटी. केळी उकडून कुस्करली, वर सलामीचे, म्हणजे खारवलेल्या मांसाचे, काप परतून घातले. पोटभर खाल्लं त्यानं. मग मी विषय काढला.

"भाऊ, मला बदलीच बरं. फोन वाजला की अंगात येतं माझ्या! जायचं, आग लावायची, यायचं."

"आणि जाऊच देत नाहीत तेव्हा?"

"तेव्हा तू आहेस ना, तुझ्यावर आग."

"कोपर दुखतं का? खरं सांग."

"तू माझा भाऊ आहेस की आईनं पाठवलेला पोलीस?"

हसलो दोघंही. मग भांडी घासताना पाठ करून म्हणाला, "सुरुवातीला उतरायचं म्हणजे चार दिवस नुसतं बसायचं. बसलेल्याला विसरतात, एलादिओ. माझ्या गल्लीतले तिघं असेच बसले आणि घरी गेले."

म्हणजे तोही घाबरलाय. मला वाटलं होतं फक्त मीच.

१७ जुलै

जेवण गेलं नाही. कागदावर दहा, माझ्याकडे एकाहत्तर.

१९ जुलै, शुक्रवार

बोललो.

बाई पोर्तो रिकोची, स्पॅनिश आमच्यापेक्षा झपाझप. पुढ्यात कॉम्प्युटर, त्यात रादामेसच्या चेंडूंचे रंगीत ठिपके. होल्कोम्ब पाय लांब करून बसलेला. म्हणाला, "बदली. हात वाचतो." बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू? झेलतोस तू."

मग या वहीचं पान फाडून नेलं होतं तेच पुढे सरकवलं. नुसते आकडे. बोलायची हिंमत नव्हती म्हणून.

"हे काय?"

"कुंपणामागचे, बाई. जे कोणी मोजत नाही ते. सुरुवातीला उतरला तर एकदाच गरम होईल आणि चार दिवस हात थंड राहील. नव्वद टाकले तरी ते कमीच होतात."

बाईंनी बेरीज केली. दोनदा केली. होल्कोम्ब छताकडे बघत होता.

२० जुलै

होल्कोम्बनं खांद्यावर हात ठेवला. हळूच. आजवर कधी हळू ठेवला नव्हता. "बरं झालं सांगितलंस." एवढंच. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रादामेस सुरुवातीला उतरणार. मंगळवारपासून. तो माझ्याशी बोलत नाहीये.

२३ जुलै, मंगळवार

पाच डाव! समोरच्यांचे आठ फलंदाज त्यानं एकट्यानं उडवले. गरम करताना अठ्ठावीस, मैदानात बहात्तर. मी कुंपणाच्या जाळीत बोटं घालून उभा होतो, बोटांवर वळ उठले. परत आल्यावर माझ्या टोपीवर टपली मारली – "पोलीस!"

२५ जुलै

उजव्या हातानं दात घासले. मुद्दाम माझ्यासमोर उभं राहून.

२८ जुलै, रविवार

सहा डाव, एकही धाव नाही! आमच्या खुर्च्यांमागे दुसऱ्या क्लबांच्या टोप्या घातलेले चार अनोळखी लोक वहीत लिहीत होते. रादामेसला मी दाखवले. त्याची छाती वीतभर पुढे आली. मला मात्र ते आवडले नाहीत. का ते सांगता येत नाही. बाजारात दात बघणारे असतात तशी नजर.

३० जुलै, मंगळवार

विकलं त्याला.

म्हणजे अदलाबदल केली. आमच्या क्लबच्या वरच्या, मोठ्या संघाला एक जुना फलंदाज हवा होता, त्याच्या बदल्यात रादामेस दुसऱ्या क्लबाला. दुपारी तीनला बोलावलं, चारला गाडी दारात. भात अर्धा शिजला होता. दोन पिशव्या भरून दिल्या मी. रडला नाही. "तिकडे कोण झेलेल मला?" एवढंच विचारलं.

होल्कोम्ब दारात उभा होता. या खेपेला खरंच वाईट वाटत होतं त्याला. म्हणाला, "बदलीच्या पोराला एवढा भाव कोणी दिला नसता. सुरुवातीचा म्हणून गेला."

म्हणजे मी बोललो म्हणून!

२ ऑगस्ट

फोन आला त्याचा. तिथे सुरुवातीचे पाच पिचर भरलेले आहेत. याला आठव्या डावासाठी ठेवलंय. बदली.

"किती वेळा उठवलं?"

"मोजायला तू कुठे होतास?" हसून म्हणाला. मला हसू आलं नाही. तिथल्या झेलणाऱ्याचं नाव विचारलं, तर त्याला माहीतच नव्हतं.

६ ऑगस्ट

फोन उचलत नाही. मलाही आज इथे फोन वाजला की दचकायला होतं.

९ ऑगस्ट

माझ्या आईचा निरोप. डोन्या मीरेया तिला विचारत होती, पोराचे पैसे नाही आले, बरा आहे ना? आईनं सांगितलं, एलादिओला विचारते.

११ ऑगस्ट, रविवार

आज उचलला फोन त्यानं. कोपरात आतून फाटलंय. ऑपरेशन करायचं म्हणतात. पगाराचे कागद अजून दोन क्लबांच्या मध्ये अडकलेत. "पैसे गेले नाहीत तर आई ओळखेल, भाऊ. तिला कळू देऊ नकोस." माझ्या पगारातले पैसे भरले आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव घातलं. डोन्या मीरेयाला – एकशे चाळीस डॉलर.