आत ओढला जाणारा धूर

५ मार्च

ती. काकांना,
हेल्मेट काढून सा. न.

सोमवारपासून बंबावर पुढच्या सीटवर मी बसते. म्हणजे आता पाच माणसं माझ्या शब्दावर आगीत शिरणार. त्यातल्या दोघांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलंय, त्यामुळे हुकूम सोडताना माझाच आवाज मला परका वाटतो. पुस्तकात लिहिलंय की धूर किती, केवढ्या जोरात, किती दाट आणि कोणत्या रंगाचा हे सगळं बघा. पण बंब थांबल्यावर एवढा वेळ असतो कुठे? तुम्ही आधी काय बघायचात?

बाबांना विचारलं, तर ते कुंड्यांना पाणी घालायला उठले. सकाळीच घातलं होतं. आई म्हणते, असंच चाललं तर झाडं पोहायला शिकतील.

काकू तुम्हाला बिनसाखरेचा चहा देते आणि तुम्ही मागच्या मागे डबा उघडता, ही बातमी इथवर पोचली आहे.

तुमच्या धाकात नसलेली, मायेत असलेली,
बडबडी

१२ मार्च

चि. बडबडीस,
डोक्यावर हात ठेवून अनेक आशीर्वाद.

डब्याची बातमी कोणी फोडली ते मला कळलंय. तिला सोडणार नाही, पण तीच स्वयंपाक करते म्हणून गप्प आहे.

रंग सगळ्यात शेवटी बघ, तो फसवतो. आधी जोर. धूर आळस देत रेंगाळत निघत असेल तर थोडा वेळ हाताशी आहे. पण तो खदखदत, एकमेकांवर चढत बाहेर पडू लागला, तर अख्खी खोली पेटायच्या बेतात आहे. दोन खिडक्यांतून सारखाच धूर दिसला, तर जिथून तो जोरात येतो तिथे आग जवळ.

आणि एक. जागा बंद, काचा काळवंडलेल्या, ज्वाळा कुठेच नाही, आणि फटीतून बाहेर आलेला धूर झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा पुन्हा आत ओढला जातोय. तिथे आग हवेसाठी तडफडत असते. दार उघडलंस की भडका तुझ्या तोंडावर. आधी वरून वाट करून दे, मग खालचं बघ. समोर कोणीही कितीही ओरडो.

हे शेवटचं बाबांना विचारू नकोस.

लोभ आहेच, तो वाढायला जागा उरलेली नाही.
काका

३० मार्च

ती. काकांना,
सा. न.

काल दुपारी सोफे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत सगळा फोम. शटर अर्धवट अडकलेलं, खाली चार बोटांची फट. मालक माझा हात धरून ओरडत होता की त्याचा कारागीर आत आहे, शटर तोडा. आमच्या टोळीतला सगळ्यांत जुना माणूस, ज्याला आम्ही मुकादम म्हणतो, पहार घेऊन पुढे झालासुद्धा.

आणि मला ती फट दिसली. पिवळट धूर बाहेर आला, थांबला, आणि परत आत गेला.

मी मुकादमांना मागे ओढलं. अक्षरशः, कॉलर धरून. छपरावर दोघांना चढवून पत्रा कापायला लावला. सात मिनिटं लागली, काका. त्या सात मिनिटांत मालक मला खुनी म्हणाला, जमलेले लोक भित्री म्हणाले. मुकादम पहार आडवी ठेवून शटरसमोरच बसून राहिले, ते सगळ्यांत जड गेलं. मग पत्रा निघाला, आणि त्या भोकातून जो लोळ उठला तो समोरच्या तीनमजली इमारतीच्या वर गेला. मुकादम शटरसमोरून उठून चार पावलं मागे जाऊन बसले.

पाणी मारून आत गेलो. कारागीर मागच्या संडासात होता, दाराखाली ओला शर्ट कोंबून. जिवंत आहे, आज दवाखान्यात दोन घास जेवला.

पण तो त्या सात मिनिटांत गेला असता तर? आणि त्या धुराबद्दल तुम्हाला इतकं नेमकं कसं माहीत? तुमच्या शंभर गोष्टींत ही कधीच नव्हती.

तुमची,
बडबडी

६ एप्रिल

चि. बाळास,
आशीर्वाद.

तो गेला असता तर तू जन्मभर स्वतःला विचारत राहिली असतीस. शटर उघडलं असतंस तर विचारायला तू नसतीस, आणि तोही नसता.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. बावीस वर्षांपूर्वी कागदाच्या गोदामाला आग लागली होती. दाराशी तुझे बाबा, मागे पाइप धरून मी. साहेबांनी दार उघडायला सांगितलं. धूर आत जाताना मला दिसला होता. मी नवा होतो, साहेबांसमोर तोंड उघडायचा धीर झाला नाही. दादाने दार उघडलं. पुढचं तू त्याच्या हातांवर रोज बघतेस.

चौकशीत मी सांगितलं, मला काही दिसलं नाही. दादालाही तेच सांगितलं. तो त्या भाजलेल्या बोटांनी शर्टाची बटणं लावायला लागला की मी अजून खोलीतून बाहेर जातो. हे पत्र त्याला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

आशीर्वाद द्यायला तोंड उरलं असेल तर ते तुझ्यासाठीच,
काका

११ एप्रिल

ती. काकांना,
सा. न.

दाखवलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग पहिल्यांदाच मला माझ्या आगीबद्दल विचारलं: पत्रा कुठल्या बाजूने कापलास, वारा कुठून होता. आम्ही दुपारभर बोललो. आई दोनदा डोकावून गेली, जेवायला हाक न मारता.

खालचं त्यांनी स्वतः लिहिलंय. मला लिहू दिलं नाही. पाऊण तास लागला.

बडबडी

धाकट्या,

मलाही दिसला होता. तुझ्यापेक्षा मी जवळ होतो. पण मागे तू उभा होतास, आणि तुझ्यासमोर घाबरलेला दिसायला नको म्हणून मी कडी काढली. हे मी कोणालाच सांगितलं नाही, तुझ्या वहिनीलाही.

पोरगी घाबरली आणि सगळ्यांसमोर घाबरली, म्हणून पाच घरांतली माणसं घरी गेली. आपल्या घरात कोणीतरी शिकलं.

रविवारी सकाळच्या बसने येतोय. खोलीतून बाहेर जाऊ नकोस.

दादा