हिवाळ्यातली लांब शेपटी

६ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण तुम्ही ‘झकास’ म्हणून थाप माराल. मी मजेत. पक्षीगणनेचं काम राज्यभर चाललंय. समुद्रकिनारा संपला, आता तळी. काल सकाळी एका तळ्यावर तुमच्यासाठी एक पाहुणा हेरून ठेवलाय. आपल्या खेळाच्या नियमाप्रमाणे नाव मी लिहिणार नाही, ओळखायचं तुम्ही. कमळाच्या पानांवरून असा चालत होता की पान बुडायचं नाव नाही. अंग गडद चॉकलेटी, पंख पांढरेशुभ्र, मानेमागे सोनेरी ठिगळ, आणि शेपटी अंगाहून लांब, विळ्यासारखी वाकलेली. बघू या, गुरुजी पास होतात का!

हे अजून जहाजावरच आहेत. सासूबाई ठीक. पुढच्या आठवड्यात माळरान.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
टिटवी


१३ जानेवारी

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमन तुझं पत्र घेऊन तीन जिने चढून येतो आणि मला अपराध्यासारखं होतं. मी ते जिने शेवटचे कधी उतरलो, आठवत नाही. चिरंजीव आणि सूनबाई कामावर जाताना दार बाहेरून ओढून घेतात. माझ्याच भल्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. मग मी, खिडकी आणि समोरच्या तारेवरचे कावळे. कावळ्यांवर कुणी धड कविता करत नाही, म्हणून मीच करतो आणि मोठ्याने म्हणतो. ते उडून जातात. पण तुझं पत्र आलं की मीही निघतो बघ. परवा अख्खा दिवस तळ्याकाठी होतो, चहा गार झाला तरी परतलो नाही.

तुझा पाहुणा कमळपक्षी. शेपटीपाशी मनात जरा खुट्ट झालं. पण म्हाताऱ्याचं मन म्हणजे जुनं दार, खुट्ट होतच असतं. बुटांना चिखल लागला होता का? वास कसला येत होता? तेही लिहीत जा.

लोभ जिने चढून येतो, तो येत राहो.

तुझा मामा


२४ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नका. माळरान संपत आलं. इथला पाहुणा चिमणीएवढा, डोक्यावर हळदीसारखी पिवळी टोपी, गाल काळे. काटेरी झाडाच्या फांदीला उलटा लटकून गवताची पाती विणत होता, आणि खाली दुधीसारखं घरटं झुलत होतं. हा तर बिगरीतल्या पोरालाही ओळखता येईल. चिखल नव्हता, धूळ होती. वास वाळलेल्या गवताचा असावा.

घंटा वाजली, उठते. बाकी पुढच्या पत्रात.

तुमची,
टिटवी


३१ जानेवारी

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

सुगरणीचा नर. ओळखला. पण आता म्हाताऱ्याचं जरा ऐक. कमळपक्ष्याची लांब शेपटी काय आणि सुगरणीच्या नराची पिवळी टोपी काय, हा सगळा विणीच्या दिवसांतला, पावसाळ्यातला साज. हिवाळ्यात ती शेपटी गळून जाते. टोपीही उतरते, नर बापडा चिमणीसारखा मातकट होतो, आणि घरटं विणायच्या भानगडीत तर पडतच नाही. पुस्तकवाले मात्र तुमच्याआमच्यासारखेच, लग्नातलेच फोटो छापतात. तू पक्षी पाहिला नाहीस, पोरी. पान पाहिलंस.

आणि माळावर घंटा कुणाची गं? मी सगळी उमर घंटेवर उठलो-बसलो, मला तिचा आवाज पत्रातूनही ऐकू येतो.

रागावलेलो नाही. तुझ्या खिडकीतून खरोखर जे दिसतं ते लिही.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

मामा,

खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीवरच्या पाइपावर एक पारवा बसतो. ओळखा.

पावसाळा संपता संपता सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डाव्या हाताशी घंटा ठेवलीय. ती कधी पाण्यासाठी वाजते, कधी कूस बदलायला, कधी मी आहे ना एवढंच बघायला. यांना जहाजावरून उन्हाळ्याआधी सुटता येत नाही. नणंद दोन गल्ल्या सोडून राहते. येते, फळं ठेवते, उशी सारखी करते आणि मला सांगते की तुझ्यासारखी तूच. मदतीची बाई आहे, ती असते तेवढ्यात मी पळत जाऊन बाजार करते. गणनेच्या कामावरून तेव्हाच रजा घेतली. सासूबाई वाईट नाहीत हो. वाईट असत्या तर सोपं झालं असतं.

डोंगरातल्या जंगलाची शेवटची फेरी महिनाअखेर निघतेय. आमच्या प्रमुख बाईंनी निरोप धाडलाय: येतेस, की तुझी जागा दुसऱ्याला देऊ? एकदा दिली की कायमची गेली. नाही म्हणून लिहायला बसले आणि तुमचं पत्र आलं.

खोटं का लिहिलं? तुम्ही माझ्या पत्रातून बाहेर पडता. मीही आतच आहे हे कळलं असतं, तर तुम्ही कुठून बाहेर पडला असता?

टिटवी


१४ फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
आशीर्वाद.

नकार टाकला असशील तर आजच मागे घे. मी येतोय. मला काय, कुठेतरी बसूनच राहायचंय. इथे बसतो तो तुझ्याकडे बसेन. भिंत बघायची तर तुझी बघेन. घंटा वाजल्यावर उठायला मला वेळ लागेल, पण मदतीच्या बाईला हाक मारायला लागणार नाही. तिला आता दिवसभर आणि रात्रीही राहायला सांग. तिच्या पगाराचं जावईबापूंना लिहिलंय, ते बघतील. तुझ्या नणंदेला वेगळं पत्र धाडलंय, की सकाळ तुमची. मास्तराचं पत्र आहे, नाही म्हणायला समासातसुद्धा जागा सोडलेली नाही.

चिरंजीव म्हणतो, बाबांना वेड लागलं. सूनबाई म्हणते, आत्ता कुठे कळलं तुम्हाला? हमाल ठरलेत.

ही सुटका वगैरे समजू नकोस. बदली आहे, आणि मास्तरांना बदलीची सवय असते.

तुझा मामा


१९ मार्च

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जंगलातलं पहिलं पत्र पोचलं. सांगायचं राहिलंच, हमालांनी मला खुर्चीसकट उतरवलं तेव्हा खालची शेजारीण विचारत होती, कपाट विकलंत का?

तुझ्या घरची दुपार माझ्या घरच्यापेक्षा लांब आहे, तुझ्यापाशी लपवून काय करू? मी चाल लावून कविता म्हणतो. दुसऱ्या कडव्याला विहीणबाई घंटा वाजवतात. काय हवं म्हणून विचारलं, तर मी गप्प व्हावं एवढंच हवं असतं. पारवा आला नाही की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो. नणंदबाई रोज येतात. धुसफुसत येतात, पण येतात.

आता तुझा पाहुणा. पहाटेचं धुकं, झुडपात खाली काहीतरी हललं, साळुंकीएवढं, कदाचित लहान. मातकट. पोटावर रेघा होत्या की गवताच्या सावल्या, सांगता येत नाही म्हणतेस. एकदाच टक् असं बोललं. दुर्बिणीवर दव, बुटात गोचीड, आणि तू शिवी हासडेपर्यंत ते पसार.

विहीणबाईंना सगळं वाचून दाखवलं, गोचिडासकट. त्यांनी घंटेला हात लावला नाही. मग पुस्तक उघडलं, पानं चाळली, मिटून ठेवलं. तुझ्या या वर्णनाचं चित्र कुठल्याच पुस्तकात नाही. मला ओळखता आला नाही, पोरी.

उद्या पुन्हा त्याच झुडपापाशी जाऊन बस.

विहीणबाईंनी आशीर्वादाला डावा हात उचललाय. लोभ दोघांचाही समजावा.

तुझा मामा